गाडीतला ॲम्प्लिफायर मध्येच बंद का पडतो?

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाडीच्या ॲक्सेसरीजची दुकानं ओळीनं आहेत. तिथे वूफर घेताना सगळे वॅट विचारतात, ओहम फार कोणी विचारत नाही. ॲम्प्लिफायर मात्र बऱ्याचदा ओहमच्या चुकीनंच जातो.

ओहम म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो त्याचं माप. गाडीचे स्पीकर साधारण 4 ओहमचे असतात, घरातले बहुधा 8 चे. ओहम निम्मे झाले की तेवढ्याच व्होल्टेजला करंट दुप्पट वाहतो. 4 ओहमचे दोन स्पीकर एका चॅनलवर पॅरलल जोडले तर भार 2 ओहमचा होतो, सिरीजमध्ये जोडले तर 8 चा. पॅरललमध्ये आवाज वाढतो, म्हणून तीच जोडणी आवडते. पण ॲम्प्लिफायर 2 ओहमला चालणारा नसेल तर तापतो, प्रोटेक्शनमध्ये जाऊन गप्प होतो, नाहीतर आतले ट्रान्झिस्टर उडतात. मे महिना, अंधेरीचं ट्रॅफिक आणि सीटखाली कोंबलेला ॲम्प्लिफायर असेल तर जरा लवकरच.

खरी फसगत ब्रिज जोडणीत होते. दोन चॅनल एकत्र करून 4 ओहमचा वूफर लावला की प्रत्येक चॅनलवर 2 ओहमचाच भार पडतो. म्हणून मॅन्युअलमध्ये स्टीरिओ आणि ब्रिजसाठी किमान ओहम वेगळे दिलेले असतात. ब्रिजचा आकडा आधी बघावा.

मल्टिमीटरवर 4 ओहमचा स्पीकर साडेतीनच्या आसपास दाखवतो. तो खराब नसतो. मीटर फक्त कॉइलच्या तारेचा डीसी रेझिस्टन्स मोजतो. आणि जास्त ओहमचा स्पीकर लावला तर ॲम्प्लिफायरला धोका नाही, आवाज तेवढा कमी येतो.