लोणार : बुलढाणा जिल्ह्यातील खाऱ्या पाण्याचा काठ

बुलढाणा जिल्ह्यास समुद्र नाही. तथापि खाऱ्या पाण्याचा एक काठ या जिल्ह्यात आहे. तो म्हणजे जिल्ह्याच्या दक्षिण भागातील लोणार सरोवराचा काठ होय.

फार प्राचीन काळी आकाशातून आलेली एक प्रचंड उल्का येथील काळ्या बेसाल्ट खडकावर आदळली व सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे गोल विवर निर्माण झाले. लवणासुराचा वध करणाऱ्या विष्णूची कथा या स्थळाशी निगडित असून गावातील दैत्यसूदन मंदिर त्या कथेचे स्मारक आहे. कोरीव शिल्पांचे हे मंदिर, विवराच्या कडेवरील बारमाही धार आणि पाण्याजवळील कमळजादेवीचे स्थान ही येथील मुख्य प्रेक्षणीय स्थळे होत. सन २००० मध्ये या परिसरास अभयारण्याचा दर्जा मिळाला. सन २०२० मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांत सरोवराचा समावेश झाला. त्याच वर्षी जून महिन्यात क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे पाणी गुलाबी झाले होते.

पाणी खारे का? झरे व पावसाचे पाणी विवरात उतरते. परंतु येथून एकही ओढा बाहेर वाहत नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात. अशा रीतीने हजारो वर्षांत पाण्याचा सामू १० च्या जवळपास पोहोचला. पूर्वी हा क्षार काढून काच व साबण यांसाठी वापरीत असत.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. विवरात जे शिरते, ते सहसा बाहेर पडत नाही. उतारावरून वाहून आलेली माती तळाशी साचते. खत, सांडपाणी व कपडे धुण्याचा साबण यांचा अंशही तेथेच राहतो. ज्या क्षारतेवर येथील विशिष्ट जीवसृष्टी जगते, तिचा तोल अशाने बिघडतो.

म्हणून सरोवराच्या रक्षणाचा प्रारंभ विवराच्या वरील शेतांतून व्हावयास हवा. शेतकरी बंधूंनी उतारास आडवी पेरणी करावी, बांध दुरुस्त ठेवावेत आणि माती परीक्षणानुसार जरूर तेवढेच खत द्यावे. माती शेतात राहिली तर लाभ प्रथम शेतकऱ्यालाच होतो. वेड्या बाभळीचा प्रसारही वेळीच रोखावा.

जिल्ह्याच्या उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. तेथील कारणे निराळी असली तरी, जेथे पाण्याला वाट नाही तेथे क्षार साचतो, हा नियम तेथेही लागू पडतो. ग्रामसेवकांनी निचऱ्याचे महत्त्व समजावून देताना लोणारचे उदाहरण अवश्य सांगावे.