विजेच्या गिटारीचा गोड स्वर

आपल्या बेटावर सेगा सुरू होण्यापूर्वी रावान आगीवर शेकतात. चामडे तापल्याशिवाय खरा नाद निघत नाही. वाद्य विकत आणले म्हणजे सूर हाती आला असे नाही. तो साधावा लागतो.

माझ्या भाच्याने बचतीतून विजेची गिटार घेतली. अमेरिकेतील जुने रॉक संगीत त्याला फार आवडते. पण त्याने तार छेडली की त्याची आजी, म्हणजे माझी आई, उठून परसात जाई. "कानात सुई टोचते रे," म्हणे. बहीण गिटार विकायला निघाली. तेव्हा आम्ही मामा-भाचे अभ्यासाला बसलो.

प्रथम थोडा इतिहास. मिशिगन राज्यातील कालामाझूच्या गिब्सन कंपनीने १९५२ साली लेस पॉल गिटार बाजारात आणली. तारेची थरथर विजेत बदलणाऱ्या तिच्या पिकअपमध्ये तारेचे एकच वेटोळे असे. त्यातून घरघर ऐकू येई. सेथ लव्हर या तंत्रज्ञाने दोन वेटोळी उलटसुलट जोडली. घरघर गेली, स्वरही भरदार व मऊ झाला. १९५७ पासून हा पिकअप त्या गिटारीवर बसू लागला. १९६७ साली न्यूयॉर्कच्या अटलांटिक स्टुडिओत एरिक क्लॅप्टन याने गिटारीवरील टोनचे बटण उतरवून विलक्षण गोल स्वर काढला.

आता कृती. आमच्या भाच्याची सगळी बटणे दहावर होती! मानेजवळचा पिकअप निवडावा. तेथे तार अधिक मोकळी हलते. टोन पाच-सहावर आणावा. अ‍ॅम्प्लिफायरवर ट्रेबल कमी, मिडल थोडा अधिक, बास बेताचा ठेवावा. गेन जपून वाढवावा. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर थोडा ताणला की स्वराची टोके गोल करतो. फार ताणला की सुरावटच बुजते. एका वेळी एकच बटण फिरवून ऐकावे. तंबोऱ्याची जवारी लावताना दोरा असाच केसभर सरकवतात. मात्र खोलीत गोड वाटलेला स्वर ड्रमच्या आवाजात बुडतो. तेव्हा ट्रेबल किंचित चढवावा.

आईने परसात जाणे सोडले आहे. परवा तिने झाकरीतील एक चाल नातवाला गुणगुणून दाखविली. त्याला ती अजून नीट बसलेली नाही; रोज संध्याकाळी दोघांची तालीम चालते.

पालकांनो, मुलाचे वाद्य विकण्याआधी एकदा बटणे तपासून पाहा.