अमेरिकेची काँग्रेस आणि शंभर वर्षे अडलेला कायदा

घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे अमेरिकी व ब्रिटिश राज्यपद्धतींची तुलना केली. अमेरिकेतील अध्यक्ष व त्याचे मंत्री विधिमंडळाचे सभासद नसतात. त्यामुळे शासनाला स्थैर्य लाभते, परंतु सभागृहात त्यांना रोजच्या रोज जाब द्यावा लागत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. कार्यकारी सत्तेविषयीचा हा भेद वाचकांना परिचित आहे. त्या विधिमंडळाची स्वतःची कार्यपद्धती मात्र आपल्याकडे फारशी चर्चिली जात नाही.

१७८७ साली सिद्ध झालेल्या अमेरिकी घटनेचा पहिलाच अनुच्छेद विधिमंडळाविषयी आहे. त्यास 'काँग्रेस' म्हणतात. आपल्याकडील पक्षाशी या नावाचा संबंध नाही. तिची सभागृहे दोन. प्रतिनिधिगृहात लोकसंख्येच्या प्रमाणात निवडलेले ४३५ सभासद असून त्यांची मुदत दोन वर्षांची असते. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन, असे १०० सभासद सहा वर्षांसाठी असतात. २०२०च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ९५ लाख, तर वायोमिंगची सहा लाखांहूनही कमी होती. सिनेटमध्ये दोघांचे बळ सारखेच. संबंधित राज्याच्या संमतीवाचून त्याचा हा समान वाटा काढून घेता येत नाही, अशी तरतूद घटनेतच आहे.

प्रतिनिधिगृहाची मूळ रचनाही निर्मळ नव्हती. जागा ठरविताना गुलामांची तीन-पंचमांश संख्या हिशेबात धरली जाई. गुलामास मताधिकार नव्हता, पण त्याच्या शिरगणतीवर त्याच्या मालकाच्या राज्याला जादा जागा मिळत! १८६५ साली तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली आणि १८६८च्या चौदाव्या दुरुस्तीने गणनेचे हे सूत्र बदलले.

विधेयक केवळ सभासदच मांडू शकतो; अध्यक्षाला तो अधिकार नाही. महसुलाची विधेयके प्रथम प्रतिनिधिगृहातच यावी लागतात. समितीच्या छाननीतून तरलेले विधेयक दोन्ही सभागृहांनी एकाच शब्दांत संमत केले पाहिजे. अध्यक्षाने ते नाकारून परत पाठविले, तर दोन्ही सभागृहे प्रत्येकी दोन-तृतीयांश मतांनी त्याचा नकार निष्प्रभ करू शकतात.

येथवरची वाट घटनेने आखून दिलेली आहे. परंतु प्रत्येक सभागृहाने आपल्या कामकाजाचे नियम स्वतः करावेत, असेही घटना म्हणते, आणि इतिहास घडला तो या साध्या वाक्याच्या आधाराने. सिनेटमध्ये भाषणाला कालमर्यादा नव्हती. त्यामुळे विधेयक मताला येऊच नये म्हणून बोलत राहण्याची प्रथा, म्हणजे 'फिलिबस्टर', रूढ झाली. १९१७ साली दोन-तृतीयांश मतांनी चर्चा बंद करण्याची सोय झाली. १९७५ साली ही अट सामान्यतः ६० मतांवर आली. फिलिबस्टरचा घटनेत शब्दानेही उल्लेख नाही.

याचे मोल कोणी मोजले? कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारण्याच्या, म्हणजे 'लिंचिंग'च्या, गुन्ह्याविरुद्ध मिसूरीचे प्रतिनिधी लिओनिडास डायर यांनी विधेयक आणले. २६ जानेवारी १९२२ रोजी प्रतिनिधिगृहाने ते २३१ विरुद्ध ११९ मतांनी संमत केले. सिनेटमध्ये डायर यांच्या रिपब्लिकन पक्षाचे बहुमत होते. तरीही दक्षिणेकडील डेमोक्रॅट सभासदांनी कामकाज रोखून धरले आणि डिसेंबरात विधेयक बाजूस ठेवावे लागले. गुन्ह्यांचे शासन हा राज्यांचा विषय आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. वस्तुतः ती राज्येच अपराध्यांना शासन करीत नव्हती, म्हणून तर विधेयक आले होते. १९३७ व १९४० साली प्रतिनिधिगृहाने पुन्हा अशी विधेयके संमत केली. तीही सिनेटमध्येच अडली.

हा बांध अभेद्य मात्र नव्हता. नागरी हक्कांच्या विधेयकावरील प्रदीर्घ फिलिबस्टर १० जून १९६४ रोजी ७१ विरुद्ध २९ मतांनी थांबविण्यात आला आणि २ जुलै रोजी त्या विधेयकावर अध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. लिंचिंगविरोधी कायद्याला त्यानंतरही थांबावे लागले. अखेर २९ मार्च २०२२ रोजी अध्यक्ष बायडेन यांनी त्यावर सही केली. १९५५ साली मिसिसिपीत ठार मारल्या गेलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचे नाव त्या कायद्याला दिले आहे.