रेस्टिंग पोटेन्शियल नेमकं कोण ठरवतं?

पीएचडीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. उंदराच्या मेंदूच्या कापांवर रेकॉर्डिंग चालू होतं आणि प्रत्येक न्यूरॉन -40 मिलिव्होल्टच्या आसपास दिसत होता. अपेक्षा होती -70 ची. इलेक्ट्रोड बदलले, काप बदलले, काही फरक नाही. संध्याकाळी वही उघडली तेव्हा कळलं की बाहेरच्या द्रावणात मी पोटॅशियम 2.5 ऐवजी 25 मिलिमोलर घातलं होतं. दशांशचिन्ह चुकलं आणि दिवस गेला.

पण मग सोडियम-पोटॅशियम पंप काय करत होता? तो चालूच होता! आपल्यापैकी बरेच जण 'पंपामुळे रेस्टिंग पोटेन्शियल तयार होतं' एवढंच पाठ करून येतात. ते अर्धंच खरं आहे.

नीट बघू. पेशीच्या आत पोटॅशियम सुमारे 140 मिलिमोलर, बाहेर 2.5. विश्रांतीच्या वेळी पेशीपटलात पोटॅशियमची काही चॅनेल्स उघडी असतात, म्हणून ते बाहेर झिरपतं. आतल्या प्रथिनांसारख्या मोठ्या ऋणभारित रेणूंना मात्र बाहेर पडता येत नाही. त्यामुळे आतली बाजू ऋण होते आणि हाच ऋणभार पोटॅशियमला परत आत ओढू लागतो. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की तो समतोल. खोलीच्या तापमानाला नेर्न्स्ट समीकरणाने तो 58 × लॉग (2.5/140), म्हणजे -101 मिलिव्होल्ट येतो.

मग प्रत्यक्षात -70 का? कारण थोडं सोडियमही आत झिरपतं. पटलाची सोडियमसाठीची पारगम्यता पोटॅशियमच्या 4 टक्के धरा, सोडियम बाहेर 140 आणि आत 10. गोल्डमन समीकरणात (क्लोराइड बाजूला ठेवून) हे आकडे घातले की उत्तर येतं -72. आता बाहेरचं पोटॅशियम 25 करा: -38. माझे न्यूरॉन बिचारे बरोबरच सांगत होते!

यासाठी किती आयन हलावे लागतात? 20 मायक्रॉन व्यासाच्या गोल पेशीत -70 मिलिव्होल्टसाठी साधारण 55 लाख. आकडा मोठा वाटतो, पण तो आतल्या एकूण पोटॅशियमच्या साठ हजारांत एक एवढाच आहे. म्हणजे विभव बदललं तरी आतली संहती जवळजवळ तीच राहते.

पंपाचं काम गच्चीवरच्या टाकीच्या मोटरसारखं. नळाला जोर येतो तो टाकीतल्या पाण्याच्या उंचीमुळे. मोटर ती टाकी भरलेली ठेवते. मोटर बंद केली तरी नळ लगेच बंद होत नाही. पंप दर फेरीला 3 सोडियम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो, म्हणून त्याचा थेट वाटा असतो, पण तो बहुतेक पेशींत काही मिलिव्होल्टचाच. पंप थांबला की विभव हळूहळू ढासळतं, कारण टाकी रिकामी होत जाते.

तेव्हा मुलाखतीत हा प्रश्न आला तर 'पंप' म्हणून थांबू नका. संहतीतला फरक पंप राखतो, आणि त्या फरकाचं व्होल्टेज करते ती पटलाची पारगम्यता. आणि हो, इलेक्ट्रोडला दोष देण्याआधी द्रावणाचं गणित एकदा तपासा.