मायना ते मोर्तब

१७९२ साली, पावसाळ्याच्या तोंडावर, पुण्यात एक दरबार भरला. महादजी शिंद्यांनी त्यासाठी प्रशस्त डेरे उभारले होते. डेऱ्यांच्या टोकाशी एक सिंहासन होते, पण त्यावर माणूस बसलेला नव्हता. दिल्लीच्या शाहआलम बादशहाचे फर्मान आणि खिलत त्यावर मांडून ठेवली होती. अठरा वर्षांचे सवाई माधवराव पेशवे पुढे झाले, त्यांनी तीनदा मुजरा केला, १०१ मोहरांची नजर ठेवली आणि ते सिंहासनाच्या डाव्या बाजूला बसले. मग शिंद्यांच्या फारसी मुनशीने फर्मान वाचले आणि पेशव्यांना ‘वकील-इ-मुतलक’, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी, हे पद मिळाले.

ज्याच्या कागदाला हा मुजरा झाला, त्या बादशहाचे डोळे चार वर्षांपूर्वीच गुलाम कादिराने काढले होते. तो शिंद्यांच्या फौजेच्या आधारावर तगून होता. तरीही नाना फडणवीसांनी या समारंभाला मनापासून विरोध केला. फर्मानासोबत येणारे भारदस्त किताब त्यांना खटकत होते. साताऱ्याला छत्रपती असताना त्यांच्या प्रधानाने दुसऱ्याकडून असे किताब घ्यायचे कसे? अखेर साताऱ्याहून रीतसर संमती आली, तेव्हाच दरबार पार पडला.

नाना आणि महादजी दोघेही कसलेले मुत्सद्दी. त्यांनी एका कागदासाठी एवढे ताणून धरले, कारण कोणाचा कागद कोणी, कोणत्या शब्दांत आणि कोणत्या शिक्क्यानिशी स्वीकारायचा, यावरच कोण कोणाच्या वर हे ठरत असे. पत्राचा रिवाज हा राजकारणावर चढवलेला साज नव्हता. तो राजकारणाचा भाग होता आणि मराठी राज्यात तो सांभाळण्याचे काम चिटणीशीकडे होते.

शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी. त्यांचे नाव अष्टप्रधानांच्या यादीत नाही, पण महाराजांच्या मनातला मजकूर कागदावर उतरवणारा हात त्यांचा होता. पत्रे लिहिण्याचे शास्त्र मात्र त्यांच्याही आधीचे. यादवांचा श्रीकरणाधिप हेमाडपंत याच्या नावावर ‘मेस्तक’ नावाची लेखनाच्या नियमांची परंपरा सांगितली जाते. वडिलांना, गुरूला, बरोबरीच्या सरदाराला, हाताखालच्या अंमलदाराला काय मायना, म्हणजे पत्रारंभीचे संबोधन, लिहायचा, हे कारकुनाला तोंडपाठ असावे लागे. विद्वान ब्राह्मणाला ‘वेदशास्त्रसंपन्न’, मातबर सरदाराला ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’, वडीलधाऱ्यांना ‘तीर्थरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’. पुढे नमस्कार, आशीर्वाद, दंडवत की रामराम, हेही नात्यावर आणि दर्जावर ठरे. एखाद्याचा मायना एका पायरीने खाली आला, तर पत्रातला मजकूर कितीही गोड असला तरी त्याला समजायचे ते समजे.

महाराजांच्या एका पत्राची बांधणी जवळून पाहण्यासारखी आहे. कागद लांबट पट्टीचा. मजकूर वाढला की खाली दुसरा तुकडा चिकटवत आणि सांध्यावर मागून शिक्का उमटवत, म्हणजे मधला तुकडा कोणी बदलू नये. माथ्यावर अष्टकोनी राजमुद्रा. त्याखाली बोरूने लिहिलेली मोडी, हात फारसा न उचलता ओढलेली. साल बहुधा शुहूर सनाचे आणि तेही अरबी आकड्यांच्या शब्दांत: ‘इसन्ने सबैन व अलफ’ म्हणजे १०७२, अर्थात इसवी सनाचे १६७१-७२. मजकूर संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ ही छोटी मुद्रा. हेच मोर्तब. पत्राची हद्द इथे संपली, यापुढे कोणी अक्षर वाढवले तर ते खोटे, असा त्याचा अर्थ. कडेला किंवा मागे ‘सुरू सूद’, ‘बार सूद’ असे शेरे असत. दफ्तरात नोंद झाल्याची ती खूण. अदब आणि बंदोबस्त या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर अशा बेमालूम बसवलेल्या होत्या.

या बांधणीत १६७४ साली मोठा बदल झाला. त्याआधी महाराजांची कितीतरी पत्रे ‘अज रख्तखाने राजश्री शिवाजीराजे’ अशा फारसी वळणाने सुरू होत. तो आदिलशाही, निजामशाही दफ्तरांतून आलेला रिवाज होता. मुद्रा मात्र फार आधीपासून संस्कृत होती. १६४६ च्या पत्रावरही ती दिसते, आणि शहाजीराजांचा शिक्का फारसी होता हे लक्षात घेतले म्हणजे तिचे वेगळेपण कळते. राज्याभिषेकानंतर पत्राचा मथळाही बदलला. ‘स्वस्ति श्री राज्याभिषेक शक १, आनंद संवत्सरे’ अशी नवी कालगणना आली. पुढे ‘क्षत्रियकुलावतंस श्री राजा शिवछत्रपती’ हे नाव आणि ‘यांनी आज्ञा केली ऐसीजे’ हे शब्द आले. सिंहासन रायगडावर होते, ते फार थोड्यांना पाहायला मिळाले. हा मथळा मात्र गावोगावच्या पाटील-देशमुखांच्या हाती पडला. राज्य स्वतंत्र झाल्याची वर्दी त्यांना बहुधा अशा पत्राच्या पहिल्या ओळीनेच दिली असेल. याच काळात महाराजांच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला आणि त्याच्या दहा वर्गांपैकी एक पुरता लेखनासाठी राखला गेला.

फारसीला मात्र दार बंद केले नव्हते. मोगलांशी बोलायचे तर मोगलांच्या भाषेत आणि त्यांच्याच थाटात बोलायचे, हे महाराज जाणून होते. जिझियाच्या विरोधात औरंगजेबाला गेलेले प्रसिद्ध पत्र फारसीत आहे आणि त्याचा मसुदा नीळ प्रभू मुनशीचा मानला जातो. बादशहाला साजेसा मान देऊन त्याच्याच पूर्वजांची उदाहरणे त्याच्यापुढे ठेवणे, हे त्या पत्राचे सामर्थ्य. उद्धट शब्द वापरले असते तर ते पत्र इतके झोंबले नसते.

पत्र एका ठरलेल्या माणसाला जाते. दस्तकाचे, म्हणजे वाटेच्या परवान्याचे, तसे नाही. वाटेत जो कोणी चौकीदार, नाकेदार, किल्लेकरी किंवा नावाडी आडवा येईल, त्याच्यासाठी ते असते. माणसे किती, घोडी-बैल किती, माल कोणता, कुठून कुठे जाणार, हे त्यात नमूद असे. ‘जाता येता मुजाहीम न होणे’ ही त्यातली कळीची ओळ, म्हणजे यांना अडवू नका. वतनाच्या सनदांत आणखी एक शहाणपणाची तरतूद असे: नक्कल उतरून घ्या आणि असल पत्र भोगवटियास परत द्या. दरसाल ताज्या पत्राचा उजूर करू नका, असेही बजावलेले असे. कागद अंमलदाराच्या हाती गेला की माणूस उघडा पडतो, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते.

दस्तकाची ताकद काय असते, हे १६६६ मध्ये आग्र्याला दिसले. नजरकैदेत असताना महाराजांनी आपल्या सैन्याला परत पाठवण्यासाठी बादशहाकडे दस्तके मागितली. शिवाजीचे बळ आपसूक कमी होत आहे असे वाटून औरंगजेबाने ती आनंदाने दिली. त्या दिवसांचा तपशील जयपूर दरबाराच्या राजस्थानी पत्रांतून आला आहे. माणसे मोगलांच्याच कागदावर मोगलांच्याच चौक्या ओलांडून गेली, भोवतीची गर्दी विरळ झाली आणि ऑगस्टमध्ये महाराज निसटले. ज्या यंत्रणेने त्यांना कोंडले, तिच्याच कागदाने त्यांच्या माणसांची वाट मोकळी केली.

समुद्रावर हाच खेळ पोर्तुगीजांनी मांडला होता. गोव्याहून ते ‘कार्ताझ’ नावाचे परवाने देत. जहाजाचे आणि नाखव्याचे नाव, जहाजावरची शस्त्रे, कुठे जायचे आणि कोणता माल न्यायचा नाही, हे त्यात लिहिलेले असे. पोर्तुगीज बंदरावर थांबून जकात भरण्याची अटही असे. कार्ताझ नसलेले जहाज ते पकडत. अकबरासारख्या बादशहाच्या मक्केला जाणाऱ्या जहाजांनाही तो लागे. १६१३ मध्ये जहांगीराच्या आईचे ‘रहीमी’ हे जहाज परवाना असतानाही पोर्तुगीजांनी धरले, तेव्हा मोगल दरबार खवळला; दिलेला कागदच मोडला गेला होता. सरखेल कान्होजी आंग्र्यांनी हा धडा नेमका उचलला. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आपले दस्तक घ्यावे, असा त्यांनी आग्रह धरला. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटले. पण या भांडणाच्या मुळाशी एकच प्रश्न होता, या पाण्यावर परवाना कोणी द्यायचा? १७२९ मध्ये मृत्यू येईपर्यंत कान्होजींनी त्यावरचा आपला हक्क सोडला नाही.

पेशवाईत सत्ता पुण्याला आली, पण शिक्का साताऱ्याचाच राहिला. पेशव्याच्या मुद्रेवर आधी छत्रपतींचे नाव आणि मग मुख्य प्रधान म्हणून पेशव्याचे नाव. बाजीरावाने माळवा जिंकला तरी शिक्क्यावरचा हा क्रम बदलला नाही. प्रत्येक नव्या पेशव्याला साताऱ्याची वस्त्रे लागतच. लढाया कोणी जिंकल्या ते बखरी सांगतात, राज्य कोणाच्या नावाने चालले ते शिक्के सांगतात.

इंग्रजी अमलात हा रिवाज आधी पाळला गेला आणि मग पोकळ झाला. राजेलोक एकमेकांना आणि गव्हर्नर जनरलला खलिता पाठवत. सोनेरी शिडकाव्याचा कागद मलमलीच्या पिशवीत, ती किनखाबाच्या थैलीत, आणि थैलीच्या दोरीला लाखेची मोहर. खलिता हा राजाचा मान, तो वाटेल त्याला लिहिता येत नसे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी १८५३-५४ मध्ये दत्तकाच्या हक्कासाठी डलहौसीला खलितेच पाठवले. त्यांत तहांचे आणि झाशीने निभावलेल्या दोस्तीचे दाखले होते, रिवाजात कसूर नव्हती. डलहौसीने झाशी खालसा केली.

त्याच्या आधी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना कंपनीने १८३९ मध्ये पदच्युत केले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते दाद मागायला लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तिथे झगडले. अर्ज, निवेदने, सभांतली भाषणे, काही बाकी ठेवले नाही. कंपनीच्या संचालकांनी त्यांना वकील मानायलाच नकार दिला. शेकडो वर्षे ज्या रीतीवर दरबारांचे बोलणे चालले, तिचा पाया हाच होता की समोरच्याचा वकील हा वकील आणि समोरच्याचा कागद हा कागद. एकाने ते मानणे सोडले की दुसऱ्याच्या अचूक मायन्याला बळ उरत नाही.

या व्यवहाराचा केवढा तरी ऐवज आपल्याकडे शिल्लक आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधलेले आहेत. इतिहासकार राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली, १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून ४५ खंड काढले. तरीही न वाचलेले कागद छापलेल्यांहून कितीतरी जास्त आहेत, आणि मोडी सहज वाचणारे थोडे. मोडीचे वर्ग आज भरतात, हौशी तरुण येतात, ही मोठी आशेची गोष्ट आहे. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की मजकुरावर उडी घेऊ नका. माथ्यावरचा शिक्का कोणाचा, मायना कोणत्या पायरीचा, कालगणना कोणती, शेरा कोणाचा, मोर्तब आहे की नाही, हे आधी पाहा. पत्र लिहिणाऱ्याने जे शब्दांत सांगायचे टाळले, ते बहुतेक वेळा तिथेच सापडते.