मुलींचें उन्हाळी शिबिर

आत्मविश्वास उपदेशानें येत नाहीं. काम अंगावर पडलें म्हणजे येतो. अमेरिकेंत ओरेगन संस्थानांतील पोर्टलंड शहरीं २००१ सालीं विद्यापीठांतील एका विद्यार्थिनीनें मुलींसाठीं उन्हाळी संगीत-शिबिर काढलें, त्याचें मर्म हेंच. वाद्याला कधीं हात न लावलेल्या मुलींनाही तेथें प्रवेश असे. आठवडाभरांत वाद्याची तोंडओळख करून घ्यावयाची, मैत्रिणींसह वाद्यवृंद जमवून स्वतःचें गीत रचावयाचें आणि अखेरीस तें लोकांसमोर सादर करावयाचें. पुढें अशीं शिबिरें अनेक शहरीं निघालीं.

‘हळू बोल’ हें आपल्याकडे मुलीला लहानपणापासून ऐकावें लागतें. सुटींत चार घरच्या मुली जमवून एखादा कार्यक्रम सर्वस्वीं त्यांच्यावर सोंपवावा. वडील मंडळींनीं मध्यें न पडतां श्रोत्यांत बसावें.