इन: प्रवाहाचा मार्ग आणि नामाची मर्यादा

नदीचा प्रवाह जेथे संपतो तेथेच तिचे नाव संपते, असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. हे गृहीत कितपत ग्राह्य आहे, याची परीक्षा करण्यास आल्प्स पर्वतातील इन ही नदी विशेष उपयुक्त आहे.

स्वित्झर्लंडच्या आग्नेय भागात, मालोया खिंडीजवळ, सुमारे २,४८४ मीटर उंचीवरील लुंगिन सरोवरात इनचा उगम होतो. सरोवराच्या वरची लुंगिन खिंड हे एक विलक्षण जलविभाजक स्थान होय. तेथून एका उतारावरचे पाणी ऱ्हाइनमधून उत्तर समुद्रास, दुसऱ्यावरचे पो नदीतून एड्रियाटिक समुद्रास, तर तिसऱ्यावरचे इनमार्गे काळ्या समुद्रास मिळते.

वरच्या एंगाडिन खोऱ्यातील सरोवरांच्या मालिकेतून इन ईशान्येस वाहते. येथील परंपरागत भाषा रोमान्श ही लॅटिनोद्भव असून तीत या नदीस 'एन' म्हणतात; खोऱ्याच्या नावातही हाच शब्द आहे. वरच्या खोऱ्यात 'पुतेर' व खालच्या खोऱ्यात 'वलादेर' अशी रोमान्शची दोन लिखित रूपे प्रचलित आहेत. बिफ्रुन याने १५६० साली छापलेला 'नवा करार' पुतेरमधलाच. पुढे फिन्स्टरम्युंत्सच्या अरुंद दरीतून नदी ऑस्ट्रियात शिरते आणि 'एन'ची जर्मन 'इन' होते.

लांडेकनंतर उत्तरेस चुनखडीचे पर्वत व दक्षिणेस स्फटिकमय खडकांचे आल्प्स, यांमधून नदी पूर्वाभिमुख जाते. इन्सब्रुक या नगरनामाचा अर्थच 'इनवरील पूल' असा आहे. कुफ्स्टाइननजीक पर्वतरांग भेदून ती बव्हेरियाच्या पठारावर उतरते. झाल्त्साख मिळाल्यावर जर्मनी व ऑस्ट्रिया यांची सीमा बहुतांशी तिच्याच पात्रातून जाते. हे सीमाकार्य जुनेच आहे: रोमन काळी 'एनुस' ही रेशिया व नोरिकम या प्रांतांना विभागीत असे, असे टॅसिटसच्या लेखनावरून कळते.

सुमारे ५१७ किलोमीटरांचा हा प्रवास पासाउ येथे डॅन्यूबच्या संगमात संपतो, आणि खरा प्रश्न येथेच उपस्थित होतो. संगमापूर्वी डॅन्यूबचा सरासरी प्रवाह सेकंदास सुमारे ६९० घनमीटर, तर इनचा सुमारे ७४० घनमीटर असतो. मग उपनदी कोणती?

केवळ जलराशी पाहिली, तर पुढील नदीस इन म्हणावे लागेल. परंतु इनचे आधिक्य मुख्यतः उन्हाळ्यातील हिमवितळणाचे आहे. हिवाळ्यात डॅन्यूब वरचढ ठरते. उगमापासूनची लांबीही डॅन्यूबचीच अधिक, आणि तिची पूर्वेकडील दिशा संगमानंतरही टिकून राहते. म्हणजे नैसर्गिक निकष परस्परांशी सहमत नाहीत. त्यांपैकी कोणता प्रमाण मानावा, हे निसर्ग ठरवीत नाही. ते भाषिक व्यवहार ठरवितो.

व्याकरणिक लिंगाचेही असेच आहे. जर्मनमध्ये इन पुल्लिंगी व डॅन्यूब स्त्रीलिंगी आहे. आपल्या परंपरेनुसार पहिल्यास 'नद' म्हणता येईल. प्रस्तुत लेखात तिला 'नदी' म्हटले आहे, ते केवळ मराठी रूढीस अनुसरून.

स्थलनामांच्या अभ्यासकाने यातून एवढा बोध अवश्य घ्यावा की, नामाचे सातत्य हा वस्तूच्या सातत्याचा पुरावा नव्हे, आणि नामाचा लोप हा वस्तूच्या अंताचाही नव्हे. पासाउच्या पुढे इन हे नाव उरत नाही. तिचे पाणी मात्र काळ्या समुद्रापर्यंत जातेच.